मोटारगाडीचें अंतरंग आणि गंज

दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. सुमारें सोळाशें वर्षें ऊन, पाऊस आणि वारा सोशीत तो उभा आहे. सात मीटरांहून अधिक उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाच्या या स्तंभाच्या उघड्या अंगावर गंजाची खपली धरत नाहीं, याचें नवल देशोदेशींच्या धातुशास्त्रज्ञांस वाटत आलें. कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम् यांच्या संशोधनानें या नवलाचा बराचसा उलगडा झाला. त्या लोखंडांत फॉस्फरसचा अंश अधिक आहे. भिजणें आणि सुकणें यांच्या आवर्तनांतून त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ परंतु घट्ट थर जमला आणि तोच स्तंभाचें कवच होऊन बसला. या कथेस दुसरीहि एक बाजू आहे. १९६१ सालीं स्तंभाचा जमिनींत पुरलेला भाग उकरून पाहण्यांत आला, तेव्हां त्यावर गंजाचे थर चढलेले आढळले. जें उघड्यावर होतें तें वांचलें. जें झांकलेलें होतें तें गंजलें.

मोटारगाडीच्या इतिहासांत हाच अनुभव लक्षावधि वेळां आला. रस्त्यावरून ऐटीनें जाणाऱ्या गाडीचा चकचकीत रंग पाहून ती धडधाकट आहे, असा आपला समज होतो. परंतु मोटारींचें मरण बहुधा त्या चकचकीत पृष्ठभागावरून येत नाहीं. तें आंतून येतें. जेथें हात जात नाहीं, कुंचला पोंचत नाहीं आणि डोळ्यास दिसत नाहीं, अशा बंद पोकळ्यांतून येतें. या पोकळ्या निर्माण कशा झाल्या आणि त्यांत संरक्षक लेप पोंचविण्याची विद्या माणसानें कशी संपादन केली, हा यंत्रयुगांतील एक उपेक्षित परंतु बोधप्रद इतिहास आहे.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायु या तिघांच्या संयोगाची निष्पत्ति. तिघांपैकीं एकास दूर ठेवलें कीं गंज थांबतो. ॲल्युमिनियमवरहि प्राणवायूची क्रिया होते. पण तिच्यामुळें जो थर बसतो तो धातूस घट्ट चिकटून राहतो व पुढील क्रियेस पायबंद घालतो. लोखंडाचा गंज तसा गुणी नाहीं. तो भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो, आणि मूळ धातूच्या दोनपासून सहापट जागा व्यापतो. त्यामुळें दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो शिरला म्हणजे पाचरीसारखें काम करतो; सांधा फाकतो, नवी फट पडते, आणि त्या फटींत आणखी पाणी शिरतें.

आरंभींच्या मोटारींस या शत्रूची फारशी भीति नव्हती, याचें कारण त्यांच्या रचनेंत आहे. त्या काळची मोटार ही घोडागाडीचीच धाकटी बहीण होती. खालीं तीनचार मिलिमीटर जाडीच्या पोलादाची भक्कम चौकट, म्हणजे चासी. तिच्यावर ॲश नांवाच्या लांकडाचा सांगाडा. आणि त्या सांगाड्यावर खिळ्यांनीं ठोकलेला पत्रा. चासीच्या पट्ट्या बहुधा एका बाजूनें उघड्या असत. गंज चढला तर तो दिसे, खरवडतां येई, आणि त्यावर शेंदराच्या रंगाचा हात फिरवितां येई. अशा गाडीची मुख्य चिंता लांकूड कुजण्याची असे. लोखंड गंजण्याची नसे.

हें चित्र पालटलें तें पत्रे दाबून घडविण्याची आणि विजेनें सांधण्याची कला प्रगत झाल्यावर. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एडवर्ड बड यानें १९१२ सालीं आपला कारखाना काढला आणि लवकरच डॉज बंधूंच्या गाड्यांकरितां संपूर्ण पोलादी शरीरें तेथें तयार होऊं लागलीं. इटलींत लान्चिया कंपनीनें १९२२ सालीं ‘लाम्ब्दा’ ही गाडी पुढें आणली. तींत चासी आणि शरीर हा भेद पुसून टाकलेला होता. १९३४ सालीं फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ ही गाडी बडच्याच तंत्राच्या साहाय्यानें तयार केली, आणि एकसंध पोलादी शरीर मोठ्या प्रमाणावर निर्माण करतां येतें हें सिद्ध झालें. पुढल्याच वर्षीं जर्मनींत ओपेल कंपनीची ‘ऑलिंपिया’ आली. १९४८ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस यांनीं रचलेली ‘मॉरिस मायनर’ प्रकट झाली. ब्रिटनमध्यें दहा लाखांचा आंकडा ओलांडणारी पहिली मोटार तीच.

या नव्या रचनेचें मर्म पोकळ पेटींत आहे. सपाट पत्रा हातानेंहि वांकतो. पण तोच घडी घालून, दुसऱ्या पत्र्यास जोडून त्याची बंद नळी केली, तर ती मोठा भार पेलते. वेळूचें बळ जसें त्याच्या पोकळपणांत असतें, तसेंच हें आहे. एकसंध गाडींत दारांखालचे उंबरठे, छताचे खांब, आडव्या तुळया, स्प्रिंगांचे आधार हीं सारीं अशीं बंद पेट्यांचीं बनलेलीं असतात. जें काम पूर्वीं जाड चासी करी, तें आतां सुमारें एक मिलिमीटर जाडीचा पत्रा करूं लागला. गाडी हलकी झाली, बळकट झाली, स्वस्तहि झाली. मात्र या लाभाबरोबर एक ऋणहि आलें. चासीचा तीन मिलिमीटर पत्रा एक मिलिमीटर गंजला तरी उभा राही. पेटीचा पत्रा तितकाच गंजला कीं तेथें भोंक पडे. आणि तें भोंक बाहेरून दिसूं लागेपर्यंत आंतील बळ पार नाहींसें झालेलें असे.

पेटीच्या आंत पाणी येतें तरी कोठून? वाटा अनेक आहेत. पावसाचें पाणी दारांच्या कांचांवरून ओघळून दारांत शिरतें. चाकांनीं उडविलेला चिखल सांध्यांच्या फटींतून आंत जातो. आणि या सर्व वाटा बंद केल्या तरी हवेंतील बाष्प राहतेंच. दिवसा तापलेली पेटी रात्रीं निवली म्हणजे तिच्या आंतल्या भिंतींवर दंव जमतें. हें पाणी निघून जावें म्हणून कारखानदार तळाशीं निचऱ्याचीं भोंकें ठेवतात. पण तीं माती आणि पाला यांनीं बुजलीं कीं पेटीचें टांकें होतें.

याहून सूक्ष्म कारण केंब्रिज विद्यापीठांतील यूलिक एव्हन्स या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत उघड केलें. त्याचा प्रयोग अत्यंत साधा होता. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्यानें खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कांठाशीं हवा भरपूर मिळते, मध्यभागीं कमी मिळते. सामान्य तर्क असा कीं, जेथें प्राणवायु अधिक तेथें गंज अधिक. प्रत्यक्षांत धातूची झीज झाली ती थेंबाच्या मध्यभागीं, म्हणजे जेथें प्राणवायु कमी होता तेथें. एकाच थेंबांत विजेचा एक चिमुकला घट तयार झाला होता आणि त्यांत हवेस वंचित झालेला भाग बळी पडत होता. चिखलाच्या लेपाखालीं, दोन पत्र्यांच्या फटींत, रंगाच्या सुटलेल्या पापुद्र्यामागें लोखंड इतक्या वेगानें कां खंगतें, याचें उत्तर त्या एका थेंबांत मिळालें.

त्या थेंबांत मीठ होतें, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण मीठ पाण्याची वीज वाहण्याची शक्ति वाढवितें. समुद्रकांठच्या शहरांत तें वाऱ्याबरोबर येतें. शीत देशांत तें माणसानें स्वतः रस्त्यावर आणून टाकलें. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर या राज्यानें १९४१–४२ च्या हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ पसरण्याचें धोरण प्रथम सरसकट अंगीकारलें. त्या हिंवाळ्यांत साऱ्या अमेरिकेच्या हमरस्त्यांवर मिळून सुमारें पांच हजार टन मीठ पडलें. आज तेथें वर्षाकांठीं पडणारें मीठ दीड कोटि टनांहून अधिक भरतें. घसरून होणारे अपघात त्यामुळें कमी झाले, पण मोटारींच्या पोटांत खारें पाणी खेळूं लागलें.

लोखंडास लेप देण्याची विद्या मोटारीहून जुनी होती. फ्रान्समधील सोरेल यानें १८३७ सालीं वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडवून त्यास मुलामा देण्याच्या कृतीचा एकाधिकार मिळविला. घरांवर दिसणारे जस्ती पत्रे हे त्या कृतीचेच वंशज होत. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट यानें १९०६ सालीं फॉस्फरिक आम्लाच्या योगानें लोखंडावर फॉस्फेटचा थर बसविण्याची रीति शोधून काढली. दिल्लीच्या स्तंभावर कालानें जें सावकाश केलें, तशाच जातीचें काम येथें टांक्यांत थोड्या वेळांत होऊं लागलें. पुढें अमेरिकेंत पार्कर कंपनीनें ही रीति सुधारली, आणि रंगाचा पाया म्हणून फॉस्फेटचा थर मोटारींच्या कारखान्यांत रूढ झाला.

परंतु लेप कितीहि उत्तम असला तरी तो योग्य स्थळीं पोंचला पाहिजे. फवाऱ्यानें दिलेला रंग समोर दिसेल तेवढ्यावरच बसतो. म्हणून शरीर टांक्यांत बुडविण्याची पद्धति आली. ब्रिटनमधील कारखान्यांत तर तें लांब दांड्यावर अडकवून, गरगर फिरवीत टांक्यांतून नेण्याची ‘रोटोडिप’ नांवाची पद्धति निघाली. त्यांतहि पेटीच्या कोंपऱ्यांत हवेचे बुडबुडे अडकून कांहीं भाग कोरडा राही. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फोर्ड कंपनीच्या जॉर्ज ब्रुअर या रसायनज्ञाच्या खटपटीनें विजेच्या योगानें रंग चढविण्याची कृति मोटारींच्या उद्योगांत आली. रंगाच्या टांक्यांत बुडविलेल्या शरीरांतून वीज सोडली कीं रंगाचे कण त्यावर ओढले जातात. जेथें थर बसला तेथें वीज अडते आणि उघड्या भागाकडे वळते, त्यामुळें आंतल्या जागांतहि रंग शिरतो. तथापि निसर्गाचा एक नियम येथें आडवा आला. फॅरडेनें १८३६ सालीं धातूच्या आवरणांत बसून दाखविलें होतें कीं, अशा आवरणाच्या आंत विजेचा प्रभाव पोंचत नाहीं. खोल, अरुंद पेटी ही तसलीच कोठडी. तिच्या मुखाशीं रंग जाड बसे आणि पोटांत विरळ होत जाई.

या अपुरेपणाची किंमत किती मोठी असते, हें लान्चिया कंपनीच्याच उदाहरणानें जगास दाखविलें. एकसंध शरीराचा मार्ग १९२२ सालीं ज्या कंपनीनें दाखविला, तिचीच ‘बेटा’ ही गाडी १९७२ सालीं निघाली. गाडी चपळ होती, रसिकांच्या पसंतीस उतरली होती. पण पुढील यंत्राचा भार वाहणारी उपचौकट ज्या पेट्यांस जोडलेली असे, त्या पेट्यांत पाणी शिरून त्या आंतून गंजूं लागल्या. १९८० सालीं ब्रिटनमध्यें या गोष्टीचा मोठा गवगवा झाला आणि कंपनीस अनेक गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. कंपनीचें त्या देशांतील नांव त्यानंतर पूर्ववत् सावरलें नाहीं. एका दडलेल्या पोकळीनें कित्येक दशकांची कीर्ति खाल्ली.

दरम्यान कारखान्यांबाहेर, दुरुस्तीच्या लहान दुकानांत, या प्रश्नाचें एक निराळें उत्तर सांपडलें होतें. प्रारंभीं गाडीच्या पोटाखालीं डांबराचा जाड थर देण्याची चाल होती. तो थर नवा असतां उत्तम दिसे. पण कांहीं वर्षांत तो वाळे, तडके, आणि त्या तड्यांतून आंत गेलेलें पाणी बाहेर येईनासें होई. वर काळें, गुळगुळीत आवरण आणि खालीं चाळण झालेला पत्रा, अशी दशा पुष्कळ गाड्यांची झाली. रक्षक म्हणून नेमलेल्यानेंच चोरास आसरा द्यावा, तसा हा प्रकार होता. डेट्रॉइट शहरांतील कुर्ट झीबार्ट या कारागिरानें १९५९ सालीं दुसरा मार्ग धरला. त्यानें पेट्यांस ठराविक जागीं लहान भोंकें पाडलीं, त्यांतून लांब नळी आंत घातली, नळीच्या टोकाशीं असलेल्या तोटींतून लेपाचा फवारा चोहोंकडे उडविला, आणि भोंकांस बुचें लावून टाकलीं. जेथें हात जात नव्हता, तेथें आतां लेप जाऊं लागला.

या कामीं मेणाचा लेप सर्वांत उपयुक्त ठरला. मेण, तेल आणि गंजास अटकाव करणारीं द्रव्यें हीं उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळविलेलीं असतात. फवारल्यावर हा पातळ रस केशाकर्षणानें सांध्यांच्या फटींत चढतो, तेथील ओलावा हुसकावून लावतो, मग द्रव उडून जातो आणि मेणाचा मऊ पडदा मागें राहतो. हा पडदा डांबरासारखा कठीण होत नाहीं, म्हणून तडकत नाहीं. ओरखडा पडला तर उन्हाच्या उबेनें थोडासा सरकून तो भरून काढतो. स्वीडनसारख्या थंड देशांत अशा लेपनाचा मोठा प्रसार झाला आणि हळूहळू कारखानदारांनींहि तें आपल्या कामांत सामावून घेतलें. याच सुमारास जस्तानें पुन्हां डोकें वर काढलें. जर्मनींत पोर्शे कंपनीनें १९७५ च्या सुमारास जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचें शरीर वापरण्यास आरंभ केला, आणि १९८५ सालीं औडी कंपनीनें तोच मार्ग धरला. तेव्हांपासून नव्या मोटारींचें आयुष्य पुष्कळ वाढलें.

परंतु त्यापूर्वींच्या ज्या गाड्या जगांत उरल्या आहेत, त्यांस हें कवच जन्मतः लाभलेलें नाहीं. त्यांचें रक्षण त्यांच्या धन्यासच करावें लागतें. मॉरिस मायनरचेंच उदाहरण घेतां येईल. तिच्या दारांखालचे उंबरठे, मधली आडवी तुळई, पुढील भार वाहणाऱ्या दोन भुजा आणि मागील स्प्रिंगांचे आधार हीं तिचीं मर्मस्थानें होत. जाणता कारागीर प्रथम या जागा धुतो, निचऱ्याचीं भोंकें तारेनें मोकळीं करतो आणि गाडी कित्येक दिवस कोरड्या, उबदार जागीं सुकूं देतो. कारण ओल्या पत्र्यावर मेण चढविणें म्हणजे रोगास घरांत कोंडणें होय. वेल्डिंगचें काम असेल तर तें तो आधीं उरकून घेतो. मेणाचा लेप ज्वालाग्राही असल्यामुळें नंतर तेथें ठिणगी नेतां येत नाहीं. मग दारांच्या आंतल्या फळ्या व पायांखालचे गालिचे काढून मूळच्याच भोंकांतून नळी आंत सारतो. नवें भोंक पाडण्याची वेळ आली, तर भार वाहणाऱ्या रेषेवर तो तें पाडीत नाहीं. गरम पाण्यांत डबा ठेवून मेण पातळ करतो. आधीं झिरपणारा पातळ हात, तो सुकल्यावर दाट हात, असे दोन हात देतो. नळी सर्वांत खोल टोकापासून हळूहळू मागें ओढतो, म्हणजे मधली जागा सुटत नाहीं. निचऱ्याच्या भोंकांतून मेणाचे थेंब गळूं लागले कीं तळापर्यंत लेप पोंचल्याची खूण पटते. तीं भोंकें मात्र तो पुन्हां मोकळीं करतो. ब्रेकांवर व धूर सोडणाऱ्या नळीवर एकहि थेंब पडूं देत नाहीं. अलीकडे बारीक कॅमेरा पोकळींत उतरवून काम कसें झालें हें पाहतां येतें. एवढें करूनहि हें काम कायमचें नसतें. कांहीं वर्षांनीं पुन्हां तपासून नवा हात द्यावा लागतो.

जुन्या वस्तूंचें जतन करणारे तज्ज्ञ मेणास आणखी एका कारणासाठीं पसंत करतात. जें केलें तें पुढें काढून टाकतां यावें, हा त्यांच्या शास्त्राचा नियम आहे. मेण योग्य द्रवानें धुवून काढतां येतें आणि खालचा मूळ रंग, कारखान्याच्या खुणा, पूर्वींच्या कारागिराच्या हाताचे ठसे जसेच्या तसे राहतात. डांबर खरवडतांना तें सारेंच निघून जातें.

हिंदुस्थानाचा या इतिहासाशीं जवळचा संबंध आहे. मॉरिस मायनर येथें ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें धांवली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊं लागली आणि तीच पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघर ओळखली गेली. हीहि एकसंध शरीराचीच गाडी. मुंबईंत रस्त्यांवर बर्फाचें मीठ पडत नाहीं. पण तेथें समुद्राचा खारा वारा बारा महिने वाहतो आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांस उंबरठ्यांचा आणि तळपत्र्यांचा गंज परिचयाचा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही जात टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. आतां ज्या थोड्या पद्मिनी हौशी लोकांपाशीं उरल्या आहेत, त्यांस चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हांत, पावसाळ्यापूर्वींच मेणाचा हात मिळाला पाहिजे. भाद्रपदांत आठवण झाली, तर पुष्कळ उशीर झालेला असतो.

सारांश, लोखंडास वांचविण्याचीं साधनें माणसास फार पूर्वींपासून ठाऊक होतीं. शेंदूर होता, जस्त होतें, तेल होतें, मेण होतें. उणीव होती ती त्या साधनांस अदृश्य स्थळीं नेण्याची. ज्या बंद पेटीनें मोटारीस बळ दिलें, तिच्याच अंतर्भागाची चौकशी करण्यास यंत्रशास्त्रास अर्धें शतक लागलें, आणि तेवढ्या काळांत लक्षावधि गाड्या वरून तकतकीत असतांच भंगारांत गेल्या. बाहेरील रंग गाडीस शोभा देतो; तिचें आयुष्य मात्र त्या हातावर अवलंबून असतें, जो कोणी पाहणार नाहीं अशा जागीं निष्ठेनें लेप देतो.